सॅकमध्ये मावणारा गेमिंग पीसी बांधायचाय? आधी गरमीचा हिशोब मांडा

माझा पहिला कॉम्पॅक्ट पीसी मी पूर्ण उलट्या क्रमाने बांधला होता. केस (बाहेरचा डबा) आवडली म्हणून आधी केस घेतली, जेमतेम सात लिटर आकारमानाची, मग सेलमध्ये होता म्हणून प्रोसेसर, मग मित्र विकत होता म्हणून त्याचं ग्राफिक्स कार्ड, आणि कूलर सगळ्यात शेवटी, उरलेल्या पैशात आणि उरलेल्या जागेत जो बसेल तो. पुण्यात डिसेंबरात एकदम झकास चालला. मे महिन्यात तोच डबा जळगावला घरी घेऊन गेलो, बाहेर ४४, खोलीत पंखा फिरतोय पण फिरवतोय गरम हवाच, आणि अर्ध्या तासात गेम असा अडकायला लागला की मला आधी वाटलं नेट गेलं. नेट नव्हतं गेलं, आत भरीत झालं होतं, आणि तेही भरताच्याच गावात.

दुसऱ्यांदा बांधताना क्रम बदलला आणि आता कोणी विचारलं की हाच क्रम सांगतो: आधी खोली, मग वॅट, मग केस, मग कूलर आणि कार्ड एकत्र, मग पॉवर सप्लाय, आणि रॅम एसएसडी वगैरे शेवटी. आरजीबीचं, म्हणजे रंगीत दिव्यांचं, नावच काढू नका, दहा लिटरच्या डब्यात त्या वायरी कोंबायला जागा नसते.

खोलीपासून सुरू करा म्हणजे काय, तर तुमचा पीसी वर्षातल्या सगळ्यात वाईट दिवशी कुठे चालणार आहे ते ठरवा. यूट्यूबवरचे रिव्ह्यू साधारण २० ते २५ डिग्रीच्या खोलीत होतात, बऱ्याचदा एसीत. तिथे प्रोसेसर ७५ वर दिसला आणि त्यांची खोली २२ ची असेल तर याचा अर्थ कूलर खोलीपेक्षा ५३ डिग्री वर जातोय, एवढाच. तेच पार्ट, तोच लोड, तोच फॅन स्पीड, पण खोली ४० ची, की आकडा थेट ९३ च्या आसपास. कूलर खोलीपेक्षा थंड करू शकत नाही हो, तो फक्त आतली उष्णता बाहेरच्या हवेत टाकतो, आणि बाहेरची हवाच तापलेली असेल तर तो तरी काय करणार. त्यामुळे रिव्ह्यू बघताना नुसतं टेम्परेचर नका बघू, त्यातून त्यांच्या खोलीचं वजा करा आणि आपल्या घरचं मिळवा. नागपूर, जळगाव, सोलापूरवाल्यांनी ४० मिळवायचं, मुंबईवाल्यांनी ३४ तरी. आणखी एक, पीसी जेवढे वॅट खातो तेवढी सगळी उष्णता शेवटी खोलीतच येते, म्हणजे दार लावून दहा बाय दहाच्या खोलीत तीन तास ३०० वॅट जाळलेत तर खोलीच वर चढते आणि तुमचा सगळा हिशोब तिच्यासोबत.

आता वॅट. इथे बरेच जण फसतात कारण एएमडीच्या डब्यावर लिहिलेला टीडीपी (उष्णतेसाठी धरलेला वॅटचा आकडा) आणि प्रोसेसर खरंच किती ओढेल हे दोन वेगळे आकडे आहेत. एएम५ सॉकेटवर (रायझन प्रोसेसरची बोर्डवरची बैठक) ६५ वॅट लिहिलेला प्रोसेसर सॉकेटमधून ८८ वॅटपर्यंत ओढू शकतो, १०५ वाला १४२ पर्यंत आणि १२० वाला १६२ पर्यंत. म्हणजे रायझन ५ ७६०० आणि ७६००एक्स हे नावाने भाऊ भाऊ वाटले तरी छोट्या डब्यात त्यांच्यात खूप फरक आहे, पहिला ६५ वाला आणि दुसरा १०५ वाला. गेममध्ये मात्र प्रोसेसर पूर्ण ताकदीने क्वचितच धावतो. रायझन ७ ७८००एक्स३डी कागदावर १२० वॅटचा आहे पण गेममध्ये त्याच्या निम्म्याच्या आसपासच फिरतो, म्हणून छोट्या पीसीवाल्यांचा तो लाडका. फक्त त्याची मर्यादा ८९ डिग्री आहे, साध्या ७६०० सारखी ९५ नाही, आणि त्याची जादा कॅशे (चिपवरचीच झटपट मेमरी) कोअरच्या डोक्यावर बसवलेली असल्याने उष्णता वर यायला त्रास होतो (९८००एक्स३डी मध्ये ती कॅशे खाली नेली, त्यामुळे तो त्रास कमी झाला). ग्राफिक्स कार्डाचं सरळ असतं, कंपनी सांगते तेवढं ते धरायचं: आरटीएक्स ४०६० म्हणजे ११५ वॅट, ५०६० म्हणजे १४५, ४०६० टीआय १६०, ५०६० टीआय १८०, ४०७० म्हणजे २००, ५०७० म्हणजे २५०.

बेरीज करून बघा. ७६०० गेममध्ये धरा ६०-७०, ४०६० टीआय १६०, बोर्ड रॅम एसएसडी पंखे मिळून ४०-५०, झाले २८०. माझा स्वतःचा ठोकताळा असा की नुसत्या हवेवर चालणारी दहा लिटरची केस आणि खानदेशातला उन्हाळा, तर एकूण ३०० वॅटच्या आत राहायचं. पुण्यात किंवा एसीच्या खोलीतच वापरणार असाल तर ३५०-४०० पर्यंत जा, काही बिघडत नाही. सात लिटरच्या केसमध्ये २५० च्या वर जाऊ नये, मी गेलो होतो, वर सांगितलंच काय झालं ते.

केस निवडताना लिटर हा शब्द सगळीकडे दिसेल, पण लिटर सारखे असले तरी आतली रचना वेगळी असते. छोट्या केस दोन जातीच्या. एक सँडविच, म्हणजे मधे एक पत्रा, एका बाजूला मदरबोर्ड, दुसऱ्या बाजूला पाठीला पाठ लावून ग्राफिक्स कार्ड, आणि दोघांना जोडणारी रायझर केबल. दुसरी म्हणजे नेहमीच्या कॅबिनेटसारखीच पण आखडून घेतलेली, उदाहरणार्थ कूलर मास्टर एनआर२००पी, ती १८ लिटरच्या वर आहे, तिच्यात १५५ मिमी उंचीचा टॉवर कूलर जातो आणि कूलिंगला ती अर्थातच उजवी. पण ती सॅकमध्ये जात नाही, तिला स्वतंत्र पिशवी लागते, आणि टॉवर कूलर म्हणजे मदरबोर्डला आडवा लटकलेला अर्धा-पाऊण किलोचा वजनदार ठोकळा, समृद्धीवरनं जा नाहीतर गावाकडच्या खड्ड्यांतनं जा, प्रत्येक धक्का सॉकेटच्या स्क्रूवर. घरातल्या घरात या टेबलावरून त्या टेबलावर न्यायचा असेल तर डोळे झाकून एनआर२०० सारखी घ्या. बसने, ट्रेनने न्यायचा असेल तर सँडविच.

मी फ्रॅक्टल टेरा घेतली, १०.४ लिटर. तिचं उदाहरण मुद्दाम देतो कारण जागेची वाटणी कशी असते ते तिच्यात लख्ख दिसतं. तिचा मधला पत्रा सरकवता येतो. एका टोकाला सरकवला तर प्रोसेसरच्या कूलरला ७७ मिमी मिळतात आणि कार्डाच्या जाडीला ४३, दुसऱ्या टोकाला सरकवला तर कूलरला ४८ आणि कार्डाला ७२. बेरीज दोन्हीकडे १२०. म्हणजे वडिलोपार्जित जमिनीसारखं आहे, एकाला जास्त दिलं की दुसऱ्याचं कमी होणार. कार्डाची जाडी स्लॉटमध्ये, म्हणजे केसच्या मागच्या पट्ट्यांमध्ये मोजतात: दोन स्लॉटचं कार्ड साधारण ४० मिमी जाड, अडीच स्लॉटचं ५०, तीन स्लॉटचं ६०. आता तुम्ही बघा, तीन स्लॉटचं जाडजूड कार्ड घेतलंत तर कूलरला जेमतेम ६० उरतात, आणि दोन स्लॉटचं घेतलंत तर ७० मिमीचा नॉक्टुआ एनएच-एल१२एस आरामात बसतो. म्हणूनच म्हणतो कूलर आणि कार्ड एकत्र ठरवा, एक आज आणि एक पुढच्या पगाराला असं केलं की हमखास चुकतं. केस दुसरी कुठलीही असो, तिच्या स्पेसिफिकेशनमधले तीनच आकडे कागदावर लिहा: कूलरची उंची, कार्डाची लांबी, कार्डाची जाडी. लांबी सगळे बघतात, जाडी कोणी बघत नाही. आणि पॉवरची वायर कार्डाच्या वरच्या कडेला लागते तिची उंचीही धरा, नव्या बारीक १६ पिनच्या कनेक्टरला तर तोंडापासून साधारण ३५ मिमी सरळ जाऊ द्या, तिथेच दुमडून वर झाकण दाबून बसवू नका, तो कनेक्टर नीट बसला नाही तर तापून वितळू शकतो.

कूलरचं सांगतो. ३७ मिमीचा नॉक्टुआ एनएच-एल९ए घेतला तर ६५ वॅटवाला प्रोसेसर सांभाळतो पण आवाज करत, आणि उन्हाळ्यात त्याला जड जातं. ४७ मिमीचा थर्मलराइट एएक्सपी९०-एक्स४७ पैशाच्या मानाने फार चांगला, त्याची पूर्ण तांब्याचीही आवृत्ती मिळते. ६७ मिमीचा एएक्सपी१२०-एक्स६७ किंवा ७० चा एल१२एस बसत असेल तर मग चर्चाच संपली, मोठा पंखा हळू फिरून तेच काम करतो. रायझन ७६०० सोबत डब्यात जो कूलर फुकट येतो तो उंचीने टेरामध्ये बसतो, सुरुवातीला तोच लावून बघायला हरकत नाही, मी दोन आठवडे तसाच चालवला. कूलर रॅमवर येतो का ते बघा, रॅम ३५ मिमीच्या आतली साधी घ्या, आणि मिनी आयटीएक्स बोर्डवर सगळं १७० बाय १७० मिमीत कोंबलेलं असल्याने पॉवर सर्किटवरचे हीटसिंक (धातूचे ठोकळे) कूलरला लागतात कधीकधी, तेव्हा कूलर कंपनीच्या साइटवर आपला बोर्ड चालतो का ते शोधा.

एआयओ म्हणजे पाण्याचा कूलर घेऊ का, हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. माझं मत, फिरता पीसी असेल तर नको. थंड करतो यात वाद नाही, पण पंप म्हणजे बंद पडू शकणारी आणखी एक वस्तू, आत थोडी हवा असतेच आणि डबा आडवातिडवा नेला की ती सरकते, मग कडेला ठेवल्यावर गुळगुळ आवाज. हवेचा कूलर बिघडला तर फारतर पंखा जातो, आणि पंखा मुंबईत लॅमिंग्टन रोडलाही मिळतो नि पुण्यात तापकीर गल्लीतही.

हवेची वाट हा खरा कूलिंगचा भाग आहे पण त्याला पैसे लागत नाहीत म्हणून दुर्लक्ष होतं. सँडविच केसमध्ये दोन्ही पंखे बाजूच्या जाळीला तोंड करून असतात आणि बाहेरची हवा थेट ओढतात. कूलरचा पंखा आणि जाळी यांच्यात जर दोन-तीन सेंटीमीटर मोकळी जागा राहिली, तर पंखा बाहेरची हवा ओढायचं सोडून आतलीच गरम हवा पुन्हा पुन्हा पितो. उपाय काय, तर स्टेशनरीच्या दुकानात मिळणारी फोमशीट घ्यायची, पंख्याच्या आकाराची चौकट कापायची आणि पंखा ते जाळी असा एक छोटा बोगदा करायचा. माझ्याकडे त्याने उन्हाळ्यात पाच-सहा डिग्रीचा फरक पडला आणि खर्च एका वडापावाएवढा. उलट पंखा जाळीला अगदी चिकटला तर घरघर वाढते, पाच-सात मिमी असू द्या. कार्डाच्या बाबतीत एक गंमत आहे, हल्लीच्या बऱ्याच कार्डांची हवा मागच्या टोकातून आरपार जाते, उघड्या टेबलावर हे झकास, पण सँडविचमध्ये त्या टोकासमोर मधला पत्राच येतो, त्यामुळे त्या कार्डाचे टेबलावरचे आकडे तुम्हाला मिळणार नाहीत.

पॉवर सप्लाय एसएफएक्स या छोट्या मापाचा घ्या, त्याची लांबी १०० मिमी असते, एसएफएक्स-एल असेल तर १३०, आणि ते ३० मिमी छोट्या केसमध्ये वायरींची सगळी जागा खातात. ३०० वॅटच्या पीसीला ६०० ते ७५० चा घ्या, अर्ध्या लोडवर त्याचा छोटा पंखा जवळपास झोपलेला असतो. पूर्ण मॉड्युलर, म्हणजे सगळ्या वायरी सुट्या होणारा, पाहिजेच. यूपीएस वापरत असाल तर ६०० व्हीए लिहिलेला बहुतेक ३६० वॅटचाच असतो, मॉनिटर धरून तो काठावर येतो, एक किलोव्हीएच्या पुढचा बघा.

बाकीचं पटकन. बोर्ड बी६५० चिपसेटचा मिनी आयटीएक्स पुरतो. रॅमला दोनच स्लॉट असतात म्हणून १६-१६ ची जोडी एकदमच घ्या, २०२५ च्या शेवटी रॅमचे भाव असे काही चढले की नंतर बघू म्हणणारे अजून बघतायत. एसएसडी जेन ४ (पीसीआयई जोडणीची चौथी पिढी) पुरे, जेन ५ ची तापते, आणि बोर्डच्या मागच्या बाजूला असलेल्या स्लॉटमध्ये तर हवाच पोचत नाही, तिथे लावायचीच तर थर्मल पॅड लावा. रायझर केबल जेन ४ ची आहे ना हे खात्री करून घ्या, जुन्या जेन ३ केबलवर नवं कार्ड लावलं की स्क्रीन काळी पडू शकते, मग लोक कार्ड खराब म्हणून दुकानात धावतात. तसं झालं तर बायोसमध्ये (बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये) पीसीआयई जेन ३ वर फिक्स करून बघा आधी.

जोडताना सगळं आधी केसच्या बाहेर, बोर्डाच्या खोक्यावर ठेवून चालू करून बघा. एएम५ पहिल्यांदा चालू करताना रॅम ओळखायला काही मिनिटं घेतो, स्क्रीन काळीच, पंखे फिरतायत, घाबरून बटण दाबू नका, चहा करून या. बायोस अपडेट करायचा तर तिथेच करून टाका. मग केसमध्ये बोर्ड बसवायच्या आधी प्रोसेसरची ८ पिन वायर लावा, नंतर त्या कोपऱ्यात बोट जात नाही, माझं तरी नाही गेलं.

सगळं बसलं की ट्यूनिंग, आणि खरं कूलिंग इथे फुकटात मिळतं. प्रोसेसर १०५ किंवा १२० वॅटवाला असेल तर बायोसमध्ये इको मोड ६५ लावा, आणि कर्व्ह ऑप्टिमायझर (व्होल्टेज उतरवायची सेटिंग) उणे १५ पासून सुरू करा, टिकलं तर २०. कार्डाला आफ्टरबर्नर या सॉफ्टवेअरमध्ये पॉवर लिमिट ८० टक्के. माझे एफपीएस (सेकंदाला दिसणारी चित्रं) यात जेमतेम चार-पाच टक्क्यांनी घसरले, आणि ते मला आकडा बघितल्याशिवाय कळलेही नसते, आवाज मात्र शेजारच्या खोलीतून ऐकू यायचा तो थांबला. हाताशी वेळ असेल तर पॉवर लिमिटऐवजी कर्व्ह एडिटरमध्ये व्होल्टेज कमी करा, त्यात घसरण आणखी कमी होते, पण प्रत्येक कार्डाचं गणित वेगळं असतं, थोडं थोडं उतरवत जा आणि गेम बंद पडला की एक पायरी वर या. चाचणी करताना एचडब्ल्यूइन्फो (तापमान दाखवणारं सॉफ्टवेअर) चालू ठेवा, खोलीत साधा थर्मामीटर ठेवा आणि रोज खेळता तोच गेम अर्धा तास खेळा, पाच मिनिटांत काही कळत नाही कारण छोटा डबा तापायलाच पंधरा-वीस मिनिटं घेतो. मला चालतात ते आकडे: गेममध्ये प्रोसेसर ८५ च्या आत, कार्ड ८० च्या आत, एसएसडी ७० च्या आत. पुण्यात २६ च्या खोलीत हे आकडे काठावर येत असतील तर समजा गावी येणार नाहीत, तेव्हाच आणखी उतरवा. मी उन्हाळ्यासाठी आफ्टरबर्नरमध्ये एक वेगळं प्रोफाइलच सेव्ह केलंय, पॉवर ७० टक्के आणि गेम ६० एफपीएसला लॉक, जळगावला पोचलो की तेच.

प्रवासाचं. बसमध्ये डिकीत टाकू नका, मांडीवर नाहीतर पायाशी. काचेची बाजू असलेली केस घेऊच नका. वायफायचे अँटेना काढून ठेवा, ते वाकतात. तीन-चार फेऱ्यांनी एकदा उघडून कार्डाचे आणि रायझरचे स्क्रू बघा, माझा एक आतच सुटा सापडला होता. पावसाळ्यात एसी गाडीतून थंडगार झालेला डबा दमट घरात आणला की आतल्या पत्र्यावर दव धरतं, अर्धा-पाऊण तास तसाच राहू द्या आणि मग प्लग लावा. विमानाने जाणार असाल तर देशातल्या फ्लाइटला केबिन बॅगेची मर्यादा बहुतेक ७ किलो असते आणि पार्ट, वायरी, सॅक धरून आपला डबा तिथेच पोचतो, त्यामुळे कीबोर्ड चेक-इनला टाका, पीसी हातातच.

मॉनिटर न्यायची गरज नसते, घरच्या टीव्हीला एचडीएमआय लावा. पोर्टेबल मॉनिटर असेल तर एक खोच आहे: मदरबोर्डच्या टाइप-सी मधून चित्र आलं म्हणून खूश होऊ नका, ते प्रोसेसरच्या आतल्या बारक्या ग्राफिक्सच्या पोर्टमधून येतंय. केबल कार्डालाच लावायची, म्हणजे एचडीएमआय, आणि अशा मॉनिटरच्या बाजूला बरेचदा मिनी एचडीएमआय असतं, तर ती वायर आठवणीने घ्या, तालुक्याच्या गावी ती मिळत नाही.

आणि जुन्या घरात पीसीच्या धातूच्या बॉडीला हात लावल्यावर मुंग्या आल्यासारखं झालं तर पीसी बिघडलाय असं समजून उघडू नका. बहुतेक वेळा त्या सॉकेटला अर्थिंगच नसतं, पॉवर सप्लायच्या फिल्टरमधून येणारा बारीक करंट जायला वाट नसते म्हणून तो तुमच्या बोटातून जातो. आमच्याकडे हॉलमधल्या तिन्ही सॉकेटांची तीच गत होती. शेवटी वायरमन बोलावून अर्थिंग करून घेतलं, आणि आईचं म्हणणं की फ्रीजही इतकी वर्षं चावायचा, पण पीसी आणेपर्यंत कोणी मनावर घेतलं नाही.